थंडरबोल्ट की यूएसबी४: छोट्या हार्डवेअर कंपनीने पैसा कशात घालावा?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एखादा गाळा आहे, हाताशी सोल्डरिंग जाणणारी चार पोट्टी आहेत, बँकेत कर्जाची फाइल फिरते आहे आणि डॉक (लॅपटॉपच्या एका पोर्टला मॉनिटर, कीबोर्ड, डिस्क सगळं जोडून देणारी पेटी), हब (तिचंच छोटं, स्वस्त रूप), केबल यांपैकी काहीतरी स्वतःच्या नावाने बाजारात आणायचं आहे. अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. बर्डीत दुकान आहे आणि दिवाळीआधी कोणता माल भरायचा एवढाच प्रश्न आहे, त्यालाही यातलं अर्धंअधिक लागू पडेल.

लॅपटॉपला ही उपकरणं जोडायची दोन तंत्रं आहेत. एका बाजूला इंटेलचं थंडरबोल्ट. दुसऱ्या बाजूला यूएसबी४ आणि त्याच्या खालची साधी यूएसबी मंडळी. पोर्टचं तोंड सगळ्यांचं एकच, टाइप-सी. वेगही कागदावर जवळपास सारखे. थंडरबोल्ट ४ म्हणजे सेकंदाला ४० गिगाबिट, यूएसबी४ म्हणजे २० किंवा ४०. थंडरबोल्ट ५ ने ८० गाठले, तर यूएसबी४ च्या दुसऱ्या आवृत्तीनेही २०२२ मध्येच ८० चा आकडा लावून ठेवला होता. मग भांडण कशाचं? चिप कोण बनवतो, शिक्का कोण मारतो आणि ती सोय ग्राहकाच्या लॅपटॉपमध्ये आयती येते की वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते, याचं. पैसा घालणाऱ्याने हे तीन प्रश्न विचारावेत. वेगाचे आकडे खोक्यावर छापायच्या कामाचे.

फायरवायर का बुडालं

नागपुरात एके काळी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या सगळ्यांकडे मिनी डीव्ही कॅमेरे असत. कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं तर फायरवायर या त्या काळच्या वेगवान जोडणीचं कार्ड लागे. जाणते लोक दुकानात येऊन ‘टीआयची चिप असलेलं १३९४ कार्ड द्या’ असं सांगत, कारण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर चित्रणाच्या फ्रेम गळत नाहीत असा अनुभव होता. १३९४ हा त्या मानकाचा आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने दिलेला क्रमांक.

हे मानक १९९५ चं, वेग ४०० मेगाबिट. पुढच्या वर्षी आलेलं यूएसबी १२ मेगाबिटवर रांगत होतं. फायरवायरवर दोन उपकरणं मध्ये कॉम्प्युटर नसतानाही एकमेकांशी बोलत, वीजही जास्त मिळे, चित्रणाचा प्रवाह तुटत नसे. गुणांवर निकाल लागायचा असता तर यूएसबी कीबोर्ड आणि माउसपुरतंच राहिलं असतं.

घोडं अडलं ते पैशापाशी. हे मानक जन्माला घालणाऱ्या ॲपलने सुरुवातीला दर पोर्टमागे १ डॉलर मागितला. ज्या धंद्यात मदरबोर्डवरच्या काही सेंटच्या भागासाठी खरेदी विभाग महिनाभर घासाघीस करतो, तिथे १ डॉलर म्हणजे फार झाला. ओरड झाल्यावर सगळ्या पेटंटधारकांनी मिळून उपकरणामागे २५ सेंट असा दर ठरवला. पण तोवर यूएसबी २.० ची तयारी झाली होती. ते २००० साली आलं, वेग ४८० मेगाबिट, आणि २००२ मध्ये इंटेलने ते थेट चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या संचात, घातलं. आता मदरबोर्ड बनवणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या: फायरवायरसाठी वेगळी चिप विकत घ्या, नाहीतर चिपसेटबरोबर फुकटात आलेलं यूएसबी वापरा. निकाल तिथेच लागला. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये फक्त फायरवायरवर चालत होता. २००५ च्या आयपॉडमध्ये गाणी भरायला फायरवायर उरलंच नाही. ज्याने मानक जन्माला घातलं त्यानेच हात काढून घेतला.

लग्नवाले यानंतरही बरीच वर्षं ती कार्डं घेत राहिले, कारण कॅमेरा महाग आणि कार्ड स्वस्त. मग कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड आलं आणि ही मागणी हळूहळू कमी न होता एकदम बंद पडली. माल भरणाऱ्याला खरा धोका असतो तो हाच.

मधली तीन वर्षं

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे आणि छोट्या कंपनीला जास्त शिकवणारं. यूएसबी ३.० चं मानक नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालं. इंटेलने ते स्वतःच्या चिपसेटमध्ये घातलं २०१२ मध्ये. मधल्या काळात ५ गिगाबिटचा पोर्ट ज्याला द्यायचा होता त्याला बाहेरून चिप घ्यावीच लागे. जपानच्या एनईसीने २००९ मध्ये पहिली चिप बाजारात आणली आणि आसूस, गिगाबाइट यांच्या मदरबोर्डवर ती दिसू लागली. मागोमाग तैवानच्या कंपन्या उतरल्या.

मानक जाहीर होणं आणि ते चिपसेटमध्ये आयतं येणं, या दोहोंमधल्या फटीत बाहेरच्यांना कमाई असते. फट बुजली की मदरबोर्डवरची तुमची जागा जाते. तैवानच्या एएसमीडियाने हे बरोबर ओळखलं असावं. सुट्या चिपा विकता विकता ती इंटेलसारख्याच प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीसाठी चिपसेटच बनवू लागली. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या पहिल्या पिढीचे चिपसेट तिच्याच हातचे. जो फट बुजवणार होता, त्याच्याच घरात जाऊन बसली.

आपल्याला हिंगण्यात चिप बनवायची नाही, हे मान्य. पण डॉकवाल्यालाही हाच हिशोब लागू आहे. थंडरबोल्ट ५ आणि ८० गिगाबिटचं यूएसबी४ यांची आज अशीच फट उघडी आहे. ती किती दिवस उघडी राहील ते इंटेल, एएमडी आणि ॲपल ठरवणार.

थंडरबोल्टच्या पारड्यात काय आहे

२०११ मध्ये मॅकबुक प्रोबरोबर थंडरबोल्ट आलं तेव्हा ॲपलची केबलच ४९ डॉलरची होती. उत्साही मंडळींनी ती फोडून पाहिली, तर दोन्ही टोकांच्या प्लास्टिकखाली छोट्या चिपांची रांग निघाली. सिग्नल तांब्यावरून न भरकटता नेण्यासाठी केबलीतच इलेक्ट्रॉनिक्स बसवावं लागलं होतं. डॉकमधली चिप फक्त इंटेलची आणि शिक्का इंटेलचाच. साहजिकच सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच राहिल्या, आणि पीसीवाल्यांनी यूएसबी ३.० वर काम भागवलं.

इंटेलने मग फायरवायरची चूक टाळली. २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ ने टाइप-सीचं तोंड घेतलं. २०१७ मध्ये इंटेलने जाहीर केलं की हे तंत्र विनारॉयल्टी देऊ आणि प्रोसेसरमध्येच घालू. २०१९ मध्ये ते प्रोसेसरमध्ये आलंही, आणि त्याच वर्षी इंटेलने हे तंत्र यूएसबीच्या प्रवर्तक गटाच्या हवाली केलं. यूएसबी४ उभं आहे ते त्याच पायावर. इंटेलने स्वतःकडे नाव आणि शिक्का ठेवला.

हा शिक्का दिखाऊ नाही, हे मात्र मान्य करायला हवं. थंडरबोल्ट ४ लिहायचं तर दोन ४के स्क्रीन चालल्याच पाहिजेत, आतल्या डेटाला ३२ गिगाबिटची वाट मिळालीच पाहिजे, झोपलेला लॅपटॉप डॉकला जोडलेल्या कीबोर्डवरून उठलाच पाहिजे, २ मीटरच्या केबलवरही पूर्ण ४० गिगाबिट मिळाले पाहिजेत. मिहानमधली एखादी आयटी कंपनी एका झटक्यात दोनशे टेबलांसाठी डॉक घेते, तेव्हा ती पैसे मोजते ते या ‘च’साठी. तिथल्या आयटीवाल्याला दर सोमवारी कोणाचा मॉनिटर उठत नाही हे ऐकत बसायचं नसतं.

बाजारात थंडरबोल्ट ४ डॉक साधारण वीस-पंचवीस हजारांच्या पुढे, तर साधा यूएसबी-सी हब दोन-तीन हजारांत. एका डॉकवर नफा चांगला सुटतो. पण बनवणाऱ्याच्या बाजूने पाहा. मुख्य चिप प्रामुख्याने इंटेलचीच घ्यायची, प्रत्येक मॉडेल इंटेलच्या प्रमाणपत्रातून न्यायचं, नापास झालं तर बोर्ड पुन्हा आखायचा, आणि या सगळ्याचा खर्च पहिला नग विकण्याआधी. ४० गिगाबिटचा सिग्नल बोर्डवर नीट नेणं हे साध्या सर्किटच्या आखणीपेक्षा वेगळंच काम आहे आणि ते तपासायची उपकरणं भाड्याने घेणंही परवडत नाही. चार पोट्ट्यांच्या गाळ्याने यात उतरू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

त्यात आपलं ऊन. नामांकित कंपन्यांच्याही कित्येक डॉकच्या माहितीपत्रकावर चालण्याचं तापमान ० ते ३५ अंश एवढंच दिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. सिव्हिल लाइन्समधल्या एसी ऑफिसात ठीक, पण कूलरवर चालणाऱ्या एडिटिंगच्या खोलीत दुपारी अडीचला डॉकच्या ॲल्युमिनियमवर हात ठेवून बघा. फार वेळ ठेववत नाही. ते ॲल्युमिनियमच आतल्या चिपांची उष्णता बाहेर टाकत असतं, आणि बाहेरची हवाच तापलेली असली की ती जाणार कुठे? मग मॉनिटर क्षणभर काळा पडतो, हार्ड डिस्क सुटते, आणि दोष डॉकच्या नावावर जातो.

यूएसबी४ चं मोकळं रान

यूएसबी४ मध्ये सक्ती कमी. किमान २० गिगाबिट द्या, एक स्क्रीन चालवा. पुढचं बरंचसं ऐच्छिक. बाहेरचं ग्राफिक्स कार्ड किंवा वेगवान एसएसडी ज्या वाटेने चालते, ती पीसीआय एक्स्प्रेसची सोयही लॅपटॉपवाल्याने द्यायची की नाही हे मानकाने त्याच्यावर सोडलं. चिपा इंटेलखेरीज एएसमीडियासारख्या कंपन्यांकडूनही मिळतात, त्यामुळे भावाला तोंड आहे. यूएसबीच्या संघटनेचं सभासदत्व आणि लोगोचा परवाना काही हजार डॉलरांत पडतो, आणि लोगो न लावता विकणारे तर बाजारात भरून आहेत.

आयतं येण्याच्या बाबतीतही यूएसबी४ ची चाल जोरात आहे. एएमडीने २०२२ पासून लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ते घातलं, आणि २०२४ च्या एक्स८७० मदरबोर्डांवर सक्तीचं केलं. फायरवायरला जे कधी जमलं नाही ते इथे घडतं आहे.

रान मोकळं असलं की तणही येतंच. ते येतं परत आलेल्या मालाच्या रूपात. ५ गिगाबिटच्या त्याच यूएसबी ३.० चं नाव पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. ग्राहक जाऊ द्या, विकणाऱ्यांनाही पाठ नाही. २०२२ नंतर संघटनेने खोक्यावर नुसता वेग लिहा असं सांगितलं, तेव्हा कुठे जरा उजेड पडला. काउंटरवरचा नेहमीचा प्रसंग घ्या. गिऱ्हाईक दोन एचडीएमआयचा हब परत घेऊन येतं. ‘भाऊ, दोन्ही स्क्रीनवर सेमच दिसून राहिलं ना.’ हबमध्ये बिघाड नसतो. तो हब एकाच प्रवाहातून दोन स्क्रीन काढतो आणि विंडोजवर ते चालतं. मॅकओएस मात्र तशा जोडणीवर दोन वेगळी चित्रं दाखवत नाही. शिवाय साध्या एम१, एम२ चिपच्या मॅकबुकवर बाहेरची एकच स्क्रीन चालते. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगितलं नाही, तर हब परत येणार, खोकं फाटलेलं असणार आणि पुन्हा विकताना भाव पाडावा लागणार. साध्या हबवर नफा आधीच इतका कमी की एक परतावा चार-पाच नगांची कमाई घेऊन जातो.

मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ च्या प्रमाणित लॅपटॉपांसाठी अट घातली की टाइप-सी पोर्ट दिला तर त्यावर चार्जिंग आणि स्क्रीन चाललीच पाहिजे. म्हणजे ‘ऐच्छिक’चा घोळ दुसऱ्या कुणीतरी निस्तरायला घेतला. असं जसजसं होईल तसतसं थंडरबोल्टच्या शिक्क्याचं वेगळेपण कमी होत जाईल, असा माझा अंदाज.

आणि सरकार

कंपन्यांच्या भांडणात तिसरा खेळाडू कायदा. ॲपलचं लाइटनिंग २०१२ पासून चाललं. त्याची केबल बनवायची तर ॲपलचा परवाना घ्यावा लागे. युरोपीय संघाने नियम केला आणि डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं. लॅपटॉपसाठी तारीख एप्रिल २०२६ ची. ॲपलने आयफोन १५ मध्ये २०२३ लाच टाइप-सी दिलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं आहे. ॲडॅप्टर आणि पॉवर बँकेला तर बीआयएसची नोंदणी आधीपासूनच सक्तीची आहे. गाळ्यात चार्जर जोडायचा विचार असेल तर ती प्रक्रिया आणि तिचा वेळ पहिल्याच दिवशी हिशोबात धरावा.

मी पैसा कुठे घालेन

दोन्ही पक्ष ज्या गोष्टीवर एकमत आहेत तिथे. टाइप-सीचं तोंड आणि त्यातून वाहणारी वीज, यावर भांडण उरलेलं नाही. २०२१ पासून या तोंडातून २४० वॅटपर्यंत वीज देता येते, म्हणजे जड ग्राफिक्सचे लॅपटॉपही चार्ज होतील. थंडरबोल्ट जिंको की यूएसबी४, केबल लागणारच. म्हणून कारखानदाराने केबलीपासून सुरुवात करावी, असं माझं मत.

केबलीत शेन्झेनशी भावाने लढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण शेन्झेनचा जो माल रस्त्यावर येतो त्याचं एक दुखणं आहे: खोक्यावर लिहिलेलं आत नसतं. ३ अँपिअरच्या वर वीज न्यायची तर टाइप-सी केबलीत ई-मार्कर नावाची बारीक चिप लागते. केबल किती वीज आणि किती वेग झेलते ते ती लॅपटॉपला सांगते. अंगठ्याएवढ्या टेस्टरला केबल लावली की ते स्क्रीनवर दिसतं. ‘१०० वॅट’ छापलेल्या केबलीवर टेस्टर गप्प राहतो, किंवा वेगाच्या जागी यूएसबी २.० दाखवतो, म्हणजे ४८० मेगाबिट, आणि तिकडे ग्राहक ४० गिगाबिटची एसएसडी लावून बसलेला असतो. कॉलेजची प्रयोगशाळा, रामदासपेठेतलं इमेजिंग सेंटर, मिहानमधली आयटी कंपनी, यांना शंभर केबली एकसारख्या, तपासलेल्या आणि बिघडली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळणाऱ्या हव्या असतात. तिथे वीस-तीस रुपये जास्त द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

मात्र इथेही पायरी सोडू नये. वीजेच्या केबली आधी, मग १० आणि २० गिगाबिटच्या. ४० गिगाबिटची साधी तांब्याची केबल मीटरभराच्या आतच नीट चालते. लांब हवी तर पुन्हा आतल्या चिपा आणि पुन्हा खर्च. ते काम दोन-तीन वर्षांनी बघता येईल.

दुकानदारासाठी उत्तर वेगळं. थंडरबोल्ट डॉक ठेवा, पण काउंटरवर एकच, दाखवायला. बाकी ऑर्डरवर, निम्मे पैसे आधी घेऊन. थंडरबोल्ट ५ चा माल आज भरू नका. ज्यांच्याकडे एम४ प्रो किंवा त्यावरच्या चिपचे मॅकबुक आहेत असे व्हिडिओवाले शहरात बोटांवर मोजण्याएवढे, आणि ते आपापलं ऑनलाइन मागवतातच. फिरता पैसा १० गिगाबिटच्या चांगल्या हबांत आणि चार्जरांत ठेवा. हबाच्या खोक्यावर स्वतःच्या दुकानाचा एक मराठी स्टिकर लावा: मॅकवर किती स्क्रीन, विंडोजवर किती स्क्रीन. परताव्याची निम्मी कटकट तिथेच मिटते.

जो बनवत नाही आणि दुकानही चालवत नाही, पण स्टुडिओ आणि ऑफिसांना सगळी जोडणी उभी करून देतो, त्याने थंडरबोल्टचीच कास धरावी. त्याचा नफा डॉकवर कमी आणि वर्षाच्या देखभालीच्या करारावर जास्त असतो. शिक्क्याचा माल बसवला की फेऱ्या वाचतात, आणि पेट्रोलचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

कर्जाच्या फाइलवर यंत्रांची यादी लिहिताना एवढं पाहा. मोल्डिंग मशीन सेकंड-हँड चालेल. ई-मार्कर वाचणारा आणि लिहिणारा टेस्टर नवा घ्या, दोन घ्या. आणि एक पेटी घ्या जिचं आतलं तापमान ५० अंशांवर धरता येतं. पुरवठादाराने आणलेला प्रत्येक नमुना तिच्यात पूर्ण भार देऊन चार तास चालवा, आणि ॲडव्हान्सचा चेक त्यानंतर लिहा.